सरळ भेगेचा ज्वालामुखी

माझ्या पहिल्या ज्वालामुखीतनं मुंग्या निघाल्या.

पुण्याच्या एका पोरानं तो मागवला होता. त्यानं खोकं उघडलं, तर डोंगराच्या तोंडातनं तांबूस रस वाहतोय, आणि त्या रसावरनं मुंग्यांची रांग शिस्तीत खाली उतरून त्याच्या टेबलावर चाललेली. त्यानं फोटो काढून पाठवला. माझी सून शीतल हा धंदा फोनवरनं बघते. तिनं फोटो माझ्यापुढं धरला.

"मामा, लाव्ह्याला काय लावलं हुतं?"

"काकवी."

ती कपाळाला हात लावून बसली. पण आजही मला विचाराल तर सांगतो, काकवीसारखा लाव्हा दुसऱ्या कशानं होत नाही. उजेडात धरला की आतनं पेटल्यासारखा तो तांबूस काळा रंग कुठल्या डबीत विकत मिळत नाही. मुंग्यांना ते कळलं, गिऱ्हाइकाला कळलं नाही.

मी शाळा चौथीपर्यंत शिकलो. हे लिहिलंय मीच, शीतलनं काना-मात्रा तेवढा नीट केला. जिथं तिनं 'लय'चं 'खूप' केलं होतं तिथं मी परत 'लय' केलंय.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या भावालासुद्धा तो अजून कळलेला नाही. तो लोकांना सांगत सुटतो, "आमचा ज्ञानू म्हातारपणी खेळणी करतोय." खेळणी नव्हेत ती. शहरातली मोठी माणसं, नोकरीवाली, पोराबाळांची, सुट्टीच्या दिवशी टेबलाभोवती बसून लढाया खेळतात. त्यात बोटाएवढे सैनिक असतात, राक्षस असतात, पंखांचे साप असतात. ह्या मूर्ती ते स्वतः रंगवतात, भिंग लावून, पार डोळ्यातल्या बाहुलीपर्यंत. मूर्ती उभी राहावी म्हणून तिच्या पायाखाली एक चकती असते. त्या चकतीवर जमीन करायची. कुणाला वाळवंट पाहिजे असतं, कुणाला बर्फ, कुणाला ज्वालामुखी. गिऱ्हाईक तिला बेस म्हणतं, मी पाट म्हणतो. देव असो का राक्षस, उभं राहायला पाट लागतोच.

मी फक्त ज्वालामुखीचे पाट करतो. बर्फाची मागणी लय येते, पण बर्फ करत नाही. जे उकळताना बघितलंय तेवढंच करायचं असा माझा नेम आहे. आता तुम्ही म्हणाल, ज्ञानू, सांगली जिल्ह्यात तू ज्वालामुखी उकळताना कुठं बघितलास? तर मी जन्मभर गुळव्या होतो.

गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, कढत असतो. त्याचा गूळ कधी झाला हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. खाली चुलवणात चिपाडाचा जाळ, वर तो रस आधी हिरवट, मग तांबडा, मग बुडबुडे मोठे होत होत जाड होतात आणि फुटताना फट् फट् आवाज करतात. त्या आवाजावरनं मी डोळे मिटून सांगायचो, आता उतरवा. एक क्षण आधी उतरवला तर गूळ चिकट, एक क्षण उशीर झाला तर करपला. काहील कधी उतरायची ते माझ्या शब्दावर चालायचं, तिथं मालक असो नाहीतर मालकाचा बाप. शेवटच्या गुऱ्हाळावर मालकानं रसात साखर ओतायला सांगितली, गूळ पिवळाधमक दिसतो म्हणून. मी हातातला झारा खाली ठेवला, चपला घातल्या आणि घरी आलो. मागनं बोलावणं आलं. गेलो नाही.

मग घरात नुसता बसून बायकोला, अनुसयाला, वात आणायला लागलो. भाजीत मीठ कधी टाकायचं तेसुद्धा मीच सांगायचो. एका दिवाळीला ती म्हणाली, "आवं, जावा भाईर आन पोरांचा किल्ला तरी करा." म्हणून गल्लीतल्या पोरांचा किल्ला करायला घेतला. माती कमी पडली तेव्हा वीटभट्टीवरनं खंगर आणला. भट्टीत जाळ जास्त झाला की विटा वितळून एकमेकींना चिकटतात, काळ्या, जांभळ्या, भोकाभोकांच्या, मधेच काचेसारख्या चमकणाऱ्या. त्याला आमच्याकडं खंगर म्हणतात. बांधकामाला त्याचा उपयोग नाही. त्याचा मी डोंगर रचला. भाऊबीजेला शीतलचा भाऊ आला, तो किल्ल्यापुढं उकिडवा बसला तो उठेचना. त्याला ह्या टेबलावरच्या लढायांचा नाद. तिथनं धंदा सुरू झाला.

मुंग्यांनंतरचे पाट मी आपल्या सह्याद्रीसारखे केले. काळा कातळ, त्यावर राखाडी झाक, सांदीला थोडं शेवाळ, कडेला दगडफूल. मला वाटलं, आपला सगळा डोंगरच म्हणे असा उकळून थिजलेला आहे, मग त्यापेक्षा खरा कुठला आणायचा? गिऱ्हाइकाचा निरोप आला, "आबा, काम झकास, पण हा विझलाय."

त्या दिवशी मी ब्रश हातात घेतला नाही. संध्याकाळी अनुसयानं चुलीतला निखारा राखेत ओढला, आणि माझी चूक मला दिसली. दगड रंगवताना उंचवटा उजळ करायचा आणि खड्डा काळा, कारण उजेड वरनं पडतो. निखाऱ्याचं उलटं असतं. वरची कातडी काळी आणि उजेड भेगेच्या तळाला. गुळाची काहील गार व्हायला वाफ्यात ओतल्यावरही तसंच होतं, वर साय धरते, ती तडकते आणि आतला गरम माल लाल डोळा उघडून बघतो. म्हणून आता मी पाटावर खंगराचे तुकडे बसवतो, मधे लांबीचा, खिडकीच्या काचा बसवतात त्या पुटीचा, थर देतो, सगळं काळं करतो. मग भेगेच्या अगदी तळात पांढरा रंग, त्याला लागून पिवळा, मग नारिंगी, काठाला लाल. शेवटी कोरड्या ब्रशानं वरनं काळपट राखाडी फिरवायचा, ब्रशाला रंग असून नसल्यासारखा. एवढं केलं की पाट गरम वाटतो. शीतलच्या एका मैत्रिणीनं तर बोट लावून लगेच मागं घेतलं होतं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. नागपूरच्या एकानं निळा लाव्हा मागितला. मी म्हणालो, "निळा जाळ गॅसच्या शेगडीला असतोय, डोंगराला न्हाई. सांग त्याला." शीतलनं फोनवर एक चित्र दाखवलं. परदेशातला कुठलासा डोंगर, गंधक जळतंय, आणि जाळ निळा. मी चष्मा पुसून परत बघितलं. निळाच. ते काम मी केलं, पण महिनाभर शीतल जेवायला वाढताना म्हणायची, "मामा, शेगडीवरची भाकरी देऊ का डोंगरावरची?"

आता सुभेदाराचं सांगतो. खरं म्हणजे लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

एका सकाळी दारात वडापची जीप थांबली आणि तिच्यातनं एक उंच माणूस उतरला. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीची पँट, उजवा हात खिशात. मागनं त्याची बायको, हातात चपलेचं खोकं धरून. तो ओट्यावर न चढताच गरजला, "ज्वालामुखी करणारा गुळव्या कोण हाय हितं?"

"मी. तुमी कोण?"

"सुभेदार. रिटायर. माधवनगर. तक्रार घिऊन आलोय."

त्याच्या बायकोला मी पुढं वहिनी म्हणायला लागलो. त्यांनी खोकं उघडलं. आत एक पंखांचा साप होता आणि माझाच एक पाट. त्यांच्या बंगळूरच्या मुलीनं मागवलेला. सुभेदार डाव्या हातानं दाखवत म्हणाला, "ह्या तुज्या पाटामुळं माजा साप भिकारी दिसतोय. पाट जरा हलका करून दे."

मी साप उचलून बघितला. हिरवा रंग पोटाच्या पिवळ्यात उतरलेला, एक डोळा गालावर आलेला. खोटं बोलायची मला सवय नाही.

"पाटाचा दोष न्हाई. सापच वाईट रंगवलाय."

वहिनींनी श्वास आत ओढला. अनुसयानं आतनं डोळे मोठे केले. सुभेदार माझ्याकडं बघत राहिला, आणि मग मोठ्यांदा हसला.

"शाबास रं गड्या! घरात समदी 'छान हाय, छान हाय' म्हणत्यात. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मग त्यानं खिशातला हात बाहेर काढला. हात हवेत नुसता थरथरत होता, पान हलतं तसा. अंगावरनं वारं गेलं होतं, म्हणजे लकवा. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, हात तेवढा राहिला. व्यायाम शिकवणारी बाई घरी यायची, ती ह्या वाटीतनं त्या वाटीत पावटे टाकायला सांगायची. सुभेदारानं वाटी भिरकावली. "मी काय लंगरात ड्यूटीला हाय?" म्हणून मुलीनं ती सापाची मूर्ती आणि रंग आणून दिले. जावयाला ह्या खेळाचा नाद होता. येत्या दिवाळीला साप रंगवून ठेवा म्हणाली होती.

अनुसयानं चहा आणला. त्यानं कपाकडं बघितलंसुद्धा नाही. "मी चहा घेत न्हाई."

नंतर स्वयंपाकघरात वहिनी अनुसयाला म्हणाल्या ते मला ओट्यावर ऐकू आलं. "घेत्यात की ओ! घरात, दार लावून, अर्धा पेला. एका लग्नात ह्यांच्या हातनं कप सांडला पांढऱ्या कापडावर. नवऱ्याकडच्या कुणीतरी बाळाचं पुसावं तसं टॉवेलनं ह्यांचं पुसलं. तवापासनं कुणाच्या उंबऱ्यात पाय न्हाई. आज तुमच्या हितं आले त्येबी भांडायला म्हणून. चारचौघांत ह्यांनी एकदा भरला कप उचलला की झालं बगा. मग मी ह्यांना कुठंबी न्हेईन."

त्या दिवशी मी पाट हलका करून दिला नाही. म्हणालो, "साप पुन्ना रंगवा. पाट हाय असाच राहील."

"मग मी परत भांडायला यीन."

"या की."

तो आला. पुढच्या बाजाराच्या दिवशी वहिनींना बाजारात सोडून तो आमच्या ओट्यावर येऊन बसला, आणि मग दर बाजाराला यायला लागला. माझ्या समोर बसून स्वतःचा साप पुन्हा पुन्हा खरवडायचा आणि माझ्या कामात खोट काढायचा. मी कोरडा ब्रश फिरवताना म्हणायचा, "आमच्या बराकीला चुना ह्यापरास नीट लावायचे." मी म्हणायचो, "तुमच्या बराकीत गूळ कसा होता ते सांगा, मग बोलू." अनुसया दर वेळी दोन कप आणून ठेवायची. माझा मी प्यायचो. त्याचा तसाच गार व्हायचा. ती उचलून न्यायची. पुढच्या वेळी परत दोनच आणायची.

एक दिवस त्याचा राग अनावर झाला. सापाचा डोळा परत गालावर गेला होता. मी त्याला शिकवायला गेलो, "मनगट टेकवा, सुभेदार, मग ब्रश चालवा."

"टेकवू?" तो ओरडला. "हे बग, टेकवतो!" आणि पिवळ्या रंगात बुडवलेला माझा बारीक ब्रश त्यानं हिसकला, माझ्यापुढचा अर्धवट पाट ओढला, आणि काळ्यावर आडवी ओढ मारली. "दिसतंय का? असा हाय माजा हात. कर आता काय करायचं त्ये!"

माझा पाट. माझ्या कामाला मी शीतललासुद्धा हात लावू देत नाही. मी पाट उचलला, खडसवायला तोंड उघडलं, आणि माझी नजर त्या ओढीवर अडकली.

इतक्या दिवसांत मी किती भेगा काढल्या असतील, सगळ्या चांगल्या असायच्या, पण माझा हात त्यांना वळण द्यायचा. ओढ्यासारख्या दिसायच्या. भेग ओढ्यासारखी जात नसते. ती अडते, मुरडते, मधेच केसाएवढी होते, मग एकदम फाटते. गुळाची साय तडकते तशी. सुभेदाराची ती रागाची ओढ अगदी तशी आली होती.

मी पाट उन्हात नेऊन धरला. तो मागनं म्हणाला, "बोल की रं. वाचा बसली?"

"अजून एक काढा."

"काय?"

"हितं. ह्या खंगराच्या कडंनं वर न्या."

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. "दया करतोस व्हय रं, गुळव्या? लंगड्याला पळायला लावून टाळ्या वाजवणार?" त्यानं काठी घेतली आणि चालायला लागला. बाजारात वहिनींची पिशवी अर्धीच भरलेली असणार. तरी तो गेला.

मी समजूत घालायला गेलो नाही. मला ते येत नाही. पण शीतल हुशार आहे. तिनं एकाच मापाचे दोन पाट घेतले, एकावर माझ्या भेगा, एकावर सुभेदाराची ती एक. मुंबईचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, लय कडक, सहज कुणाला चांगलं म्हणत नाही. त्याला दोन्ही फोटो पाठवले. ह्यातला कुठला पाहिजे, एवढंच विचारलं, बाकी काही सांगितलं नाही. त्यानं सुभेदाराचा मागितला. वर लिहिलं होतं, "ही भेग कुणी काढली? बाकीच्या पण ह्याच माणसाकडून घ्या."

मला ते वाचून बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. जेवण नीट गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी फोन घेऊन शीतल आणि मी वडापानं माधवनगरला गेलो. सुभेदार अंगणात बसला होता. मी फोन त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं. परत वाचलं.

"ह्यो माणूस तुजा कोण?"

"कोण न्हाई. तोंड बघितलं न्हाई मी त्याचं."

"त्याला माजा हात ठाऊक हाय?"

"त्याला तुमी ठाऊक न्हाई, हात कुठला असंल?"

त्यानं फोन शीतलला परत दिला. मग वहिनींना हाक मारून म्हणाला, "अगं, माजा चष्मा कुठं हाय? उद्यापासनं ड्यूटी हाय."

त्यानंतर आमच्याकडच्या प्रत्येक पाटाच्या भेगा सुभेदारानं काढल्या. बाजाराचा दिवस सोडून इतर दिवशीही यायचा. मी खंगर फोडायचो, बसवायचो, काळं करायचो. मग पाट त्याच्याकडं सरकवायचो. तो आधी पांढरा घ्यायचा, मग त्याला लागून पिवळा. जीभ दातात धरून. नारिंगी, लाल आणि कोरडा ब्रश माझ्याकडं. मधे भांडणं व्हायचीच. तो म्हणायचा लाल जास्त, मी म्हणायचो तुमी पलटण चालवा. गिऱ्हाइकं वाढली. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि पोटात थोडं दुखायचंही, कारण सगळे फक्त भेगांचंच बोलायचे. खंगर चांगला बसवलाय असं आजपर्यंत एकानं लिहिलेलं नाही.

आणि अनुसयाचे दोन कप सुरूच होते. त्यातला एक गार व्हायचा.

पहिल्यांदा मला पुसटशी शंका आली ती एका मोठ्या पाटावर. अख्खी दरी होती, तिच्यातनं लाव्हा वाहतोय असं काम. भेगा बऱ्या होत्या, पण कुठं तरी चुकत होतं. मी काही बोललो नाही. पुढच्या कामात परत तेच. मग त्या मुंबईच्या कडक माणसानं पाट परत धाडून लिहिलं, "माणूस बदलला का? ह्या वेळच्या भेगा नेहमीसारख्या नाहीत."

शीतल म्हणाली, "मामा, आता काय सांगायचं त्यांना? आवं, हातातलं काम गेलं तर पुन्ना दार लावून बसतील."

मी तो पाट खिडकीत ठेवून सकाळभर बघितला. भेग निघाली होती ती गुळगुळीत. कुठं अडली नव्हती, मुरडली नव्हती. काठाला पांढरा कुठं सांडला नव्हता. नवशिक्या, नीट हाताच्या पोरानं काढावी तशी. मला हसू आलं, आणि ते आवरेना म्हणून मी विहिरीकडं जाऊन आलो.

सुभेदार आला तेव्हा वहिनीही बरोबर होत्या. तो नेहमीसारखा चष्मा लावून ब्रश मागायला लागला. मी त्याच्यापुढं तो पाट ठेवला.

"ह्यो नापास."

त्याच्या मिशा हलल्या. "का?"

"वाईट काढल्यासा भेगा. लय वाईट. मुंबईवाल्यानं परत लावलं काम."

वहिनी मधेच म्हणाल्या, "भावजी, आवं जरा..."

"मधी बोलू नगा, वहिनी. कामात खोटं चालत न्हाई माझ्याकडं."

सुभेदारानं पाट जवळ ओढला. ओठ घट्ट मिटलेले. मला माहीत होतं त्याला काय वाटतंय, पलटणीतनं नाव कमी झाल्यासारखं. तो हळू म्हणाला, "काय चुकलं त्ये तरी सांग."

"सरळ आल्यात."

"मंजी?"

"मंजी काय? बगा की. विळीनं कापल्यागत सरळ. थरथर कुठं हाय हिच्यात? गेल्या महिन्यापासनं बिघडत चाललंय तुमचं काम."

तो त्या भेगेवरनं बोट फिरवायला लागला, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत. मग पुन्हा. तिसऱ्यांदा फिरवताना त्याचं लक्ष भेगेवर नव्हतं, बोटावर होतं. बोट थांबलं तिथंच थांबून राहिलं.

 वहिनी उठून आत गेल्या. आत भांडं वाजलं, आणि अनुसया नेहमीसारखे दोन कप घेऊन बाहेर आली. एक माझ्यापुढं ठेवला, एक त्याच्यापुढं.

त्यानं कपात बघितलं, मग अनुसयाकडं. "ह्यो अर्धाच दिलाय, वैनी."

खरंच अर्धा होता. रोज गार होतो म्हणून अनुसयानं कधीपासनं अर्धा भरायला सुरुवात केली होती कोण जाणे, मला ठाऊक नव्हतं. ती आत गेली, पातेलंच घेऊन आली आणि कप काठापर्यंत भरला. मला वाटलं जरा कमी भरायला पाहिजे होता. पण ती माझीच बायको. तिचाही नेम असतो.

सुभेदारानं उजवा हात पुढं केला. दाराच्या फटीत वहिनींचा पदर दिसत होता. मी माझ्या खंगराकडं बघत बसलो, त्याला बघतोय असं वाटू नये म्हणून. पण ऐकत होतो. गुळव्या आहे मी, मला ऐकून कळतं. कप बशीवरनं उठल्याचा आवाज आला. मग लय वेळ काही नाही. मग एक घोट. मग कप परत बशीवर, जरा जोरात.

"साखर जास्त झाली," तो म्हणाला.

"गुळाचा हाय," अनुसया म्हणाली.

मी वर बघितलं. बशीत थोडा चहा सांडला होता. तेवढा माझ्याही कपातनं सांडतो.

आता माझी अडचण अशी आहे की भेगा काढायला माणूस नाही. सुभेदार येतो, बसतो, मुद्दाम हात हलवून काढून बघतो. पण मुद्दाम थरथरवलेलं लगेच ओळखू येतं, नाटकातल्या खोकल्यासारखं. गिऱ्हाइकं विचारतात, पहिला माणूस कुठं गेला. शीतल लिहिते, तो रिटायर झाला. मी परत माझ्या ओढ्यासारख्या भेगांवर आलोय. मागणी जरा कमी झाली, होऊ दे. वहिनी सुभेदाराला घेऊन लग्नाकार्याला हिंडतात, कोरेगावला, साताऱ्याला, कुणाच्या बारशालासुद्धा. त्यामुळं तो दर बाजाराला यायचा राहिला, आणि बाजाराच्या दिवशी ओट्यावर मला जरा सुनं सुनं वाटतं, हे त्याला सांगू नका.

साप त्यानं पुरा केला. डोळा जागेवर आहे. दिवाळीला मुलगी-जावई आले तेव्हा आमच्याकडं सगळे मिळून खेळले. मला खेळ कळला नाही, पण साप माझ्या पाटावर उभा होता आणि भिकारी दिसत नव्हता.

तो मुंबईहून परत आलेला पाट मात्र मी मोडला नाही. समोरच्या कोनाड्यात देवांच्या शेजारी ठेवलाय. घरी आलेलं गिऱ्हाईक हमखास तोच मागतं, कारण तो मोठा आहे आणि खंगर त्याच्यावर लय भारी बसलाय. मी देत नाही. त्यांना जवळ बोलावून ती भेग दाखवतो, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, कुठं अडली नाही, कुठं हलली नाही. असा ज्वालामुखी जगात कुठं नसंल. बिघडलेला आहे म्हणून सांगतो, आणि कोनाड्याचा पडदा ओढतो.